बांधाजवळचं बदक

दर हिवाळ्यात नदी पात्र सोडून कुरणात शिरायची आणि तीन महिने तिथेच ठाण मांडून बसायची. गवत बुडायचं, कुंपणाचे खांब गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि कुठून कुठून, हजारो कोसांवरून बदकं उतरायची. ती मोजायला गावातून एक माणूस दर रविवारी सकाळी सायकलला दुर्बीण बांधून यायचा. अकरा वर्षांत त्याचे चार रविवार चुकले होते, त्यातला एक भाचीच्या लग्नाचा.

त्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. भाचीने लहानपणीच त्याला 'कवळीमामा' करून टाकलं होतं. पुढे ती सासरी गेली, नाव मात्र मागेच राहिलं. आता तिची आईसुद्धा, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याला नुसतं 'कवळी' म्हणायची. लग्न त्याने केलं नव्हतं. आठवडाभर कामाच्या टेबलावर वाकून लोकांचे दात बसवायचे, रविवारी कुरणावर जायचं आणि परतताना ताईकडे पोटभर जेवायचं, असा त्याचा शिरस्ता होता. ताईचं घर कुरणाला लागूनच. घरामागे पत्र्याची लांब शेड आणि शेडमध्ये अठराशे कोंबड्या. ताई आणि भाऊजी या कोंबड्यांवरच जगत होते.

त्या रविवारी धुकं इतकं होतं की बांधावर चालताना त्याला स्वतःचे बूटच तेवढे दिसत होते. बांधाला मध्ये एक लाकडी फाटक होतं. फाटकापाशी पाण्याच्या कडेला एक तलवार बदक मरून पडलं होतं. लांब टोकदार शेपटी चिखलात रुतलेली, मान उलटी वळलेली. 'कुत्र्याचं काम,' असं म्हणून तो पुढे गेला. वहीत तो फक्त जिवंत पक्षी लिहायचा.

कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला त्याची ठरलेली जागा होती. तिथे त्याने तिकाटण्यावर दुर्बीण चढवली आणि धुकं विरायची वाट पाहत बसला. थोड्या वेळाने पाणी उजळलं. थापट्या बदकं दिसली, कलहंसांचा थवा दिसला, टिटव्या ओरडत गेल्या. त्याने वही उघडली आणि मोजायला लागला. एकशे चाळीसवर असताना दुर्बिणीत एक तलवार बदक आलं. ते पोहत होतं, पण कुठेच जात नव्हतं. एकाच जागी गोल गोल फिरत होतं, घाण्याला जुंपल्यासारखं. डोकं पाठीवर पडलं होतं. मधूनच ते डोकं उचलायचा प्रयत्न करायचं, डोकं थरथरायचं आणि पुन्हा मागे पडायचं.

मोजणी तशीच सोडून त्याने दुर्बीण कडेकडेने फिरवली. गवताच्या काठाला एक पांढरं पोट वर आलेलं दिसलं. मग आणखी एक. मग दोन, शेजारी शेजारी. चार मेलेली आणि एक मरायला टेकलेलं.

गेल्या महिन्यात पशुवैद्यकीय कार्यालयाने बांधाच्या दोन्ही टोकांना सूचना लावली होती. ती त्याने इतक्या वेळा वाचली होती की आता पाठच झाली होती. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, फोन करा. बर्ड फ्लू निघाला तर त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या नष्ट करण्यात येतील. त्यापुढच्या कोंबड्या तीन आठवडे कोंडून ठेवून तपासण्यात येतील.

ही चार बदकं ताईच्या शेडपासून दोन किलोमीटर तरी लांब होती. हा हिशेब जमल्यावर त्याचा जीव क्षणभर भांड्यात पडला. आणि मग त्याला फाटकापाशी पडलेलं बदक आठवलं.

परतताना तो फाटकापाशी थांबला. बदक तिथेच होतं. अंगावर दाताची एकही खूण नव्हती, पिसं जागच्या जागी होती. कुत्र्याने त्याला तोंडही लावलं नव्हतं. तिथून ताईच्या घराच्या गेटपर्यंत तो पावलं मोजत गेला. आठशे सदुसष्ट झाली. लांब टांगांची धरली काय नि आखूड धरली काय, किलोमीटर काही होत नव्हता.

"अरे, आत ये की! पाहुण्यासारखा गेटवर काय उभा?" ताई दारातून ओरडली. तिच्या हातात अंड्यांचा ट्रे होता.

"नको. बूट खराब आहेत."

"तुझे बूट कधी चांगले होते? ये, पानं वाढलीयेत."

"ताई, भाऊजींना बोलाव. आणि तू तिथेच थांब, जवळ येऊ नकोस."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. ताईने ट्रे पायरीवर ठेवला. भाऊजी शेडमधून हात पुसत आले. अंगाने आडवा, कमी बोलणारा माणूस. कवळीमामाने गेटच्या अलीकडूनच सगळं सांगितलं. गोल फिरणारं बदक, चार मेलेली, आणि फाटकापाशी एक, जे सकाळी त्याला कुत्र्याचं काम वाटलं होतं.

भाऊजी पुढे येऊन गेट धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ती चार किती लांब?"

"दोन किलोमीटर."

"मग ती चार सांग."

"आणि हे?"

"ते कुत्र्याने मारलंय."

"भाऊजी, त्याला कुत्र्याने—"

"तूच म्हणालास ना आधी? सकाळी तुला स्वतःला तसंच वाटलं ना? मग तेच खरं धर." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण गेट धरलेली बोटं पांढरी पडली होती. "अठराशे जीव आहेत आत. एकीलाही साधी शिंक नाही. कुठलं तरी बदक आमच्या दाराशी येऊन मेलं म्हणून त्यांनी का मरायचं?"

कवळीमामाने ताईकडे पाहिलं. तिने नुसतं नाही म्हटलं असतं तरी त्याला पुरलं असतं. ताई शेडकडे पाहत होती.

"बरं," तो म्हणाला.

फोन त्याने तिथूनच केला. दुपारी पशुवैद्य बांधाच्या पलीकडच्या टोकाने आल्या. डॉक्टर बाई वयाने त्याच्याहून लहान होत्या आणि त्याच्या वहीमुळे त्याला चांगल्या ओळखत होत्या. दर वर्षीचे त्याचे आकडे त्यांच्याच कार्यालयात जमा व्हायचे. पांढरा पोशाख, मास्क, हातमोजे चढवून त्या पाण्यात उतरल्या. चार मेलेली बदकं पिशवीत बंद करून त्यांनी जागा नकाशावर टिपल्या; गोल फिरणारं तोवर दिसेनासं झालं होतं.

"आणखी कुठे काही दिसलं?"

"नाही," तो म्हणाला. म्हणताना तो बुटाचा चिखल गवताला पुसत होता.

"तुम्ही नाही म्हणताय म्हणजे नाहीच," बाई म्हणाल्या. ते वाक्य त्याच्या अंगाला काट्यासारखं चिकटून राहिलं.

सोमवारी त्याने एका आजीबाईंच्या कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मेण तापवून त्याने दात काढला, परत लावला, आणि पाहतो तर तो पुन्हा उलटा. हात धुऊन तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. रस्त्यापलीकडच्या छपरावर कावळे बसले होते. त्याच्या मनात आलं, ते बदक कावळे खातील. कावळ्यांनी नाही खाल्लं तर खरंच एखादं कुत्रं ओढून नेईल, आणि ते कुत्रं कुणाच्या तरी अंगणात जाईल. अंगणात मुलं असतील. एकेक विचार दुसऱ्याचा हात धरून येत होता आणि त्याला कुठे अडवावं ते कळत नव्हतं.

मंगळवारी काम गुंडाळून तो सकाळीच बांधावर गेला. फाटकापाशी बदक नव्हतं. ओरखडा नाही, रक्त नाही, चार पिसंसुद्धा नाहीत. चिखलात फक्त ते पडलं होतं तेवढा खळगा राहिला होता.

त्याने ताईला फोन लावला.

"अरे, मीच उचललं ते," ती म्हणाली. "रविवारी संध्याकाळी. कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून. शेवग्याच्या पलीकडे पुरलंय खोल."

"हातात काय घातलं होतंस?"

"घालायचं काय? उचललं नि नेलं. नंतर धुतले ना हात, साबण लावून."

"ताई!"

"ओरडू नकोस. ह्यांना बोलू नकोस हं यातलं. त्यांना वाटतंय कुत्र्यानेच नेलं." पुढचं काही बोलण्याआधी ती खोकली. साधाच खोकला, हिवाळ्यात अर्धं गाव खोकत असतं तसा. "थंडी बाधलीय जरा. काल अंग कसकसत होतं. ठेवते आता, अंड्यांची गाडी आलीय."

फोन बंद झाल्यावर तो बांधावरच बसला. पाण्यावर कलहंस उतरत होते, एरवी त्याने ते दृश्य डोळे भरून पाहिलं असतं. आज त्याला फक्त खोकला ऐकू येत होता. सांगितलं तर कोंबड्या जातील. नाही सांगितलं तर... पुढचं वाक्य त्याला मनातसुद्धा पुरं करवेना. उद्या बदकांच्या तपासणीचा निकाल येणार होता. निकाल वाईट नसेलही. उद्यापर्यंत थांबू, असं त्याने ठरवलं आणि ते ठरवल्याबद्दल दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. ताईला त्याने संध्याकाळपर्यंत सहा वेळा फोन केला. सातव्या वेळी ती म्हणाली, "कवळी, आता पुन्हा फोन केलास तर मी तो विहिरीत टाकीन."

बुधवारी दहाच्या सुमाराला डॉक्टर बाईंचा फोन आला. त्याच्या हातात आजीबाईंची कवळी होती.

"चारही बदकं बर्ड फ्लूचीच निघाली," त्या म्हणाल्या. "आणि प्रकार जरा वाईट आहे, माणसांना होऊ शकणारा. तुम्ही हात लावला नव्हता ना कुठल्या पक्ष्याला?"

"नाही."

"आणखी कुणी?"

तो हातातल्या कवळीकडे पाहत राहिला.

"ऐकू येतंय ना? आणखी कुणी हात लावलाय का?"

"माझ्या बहिणीने," तो म्हणाला. "पाचवं एक बदक होतं. फाटकापाशी. मी तुम्हाला सांगितलं नाही. तिने ते हाताने उचलून पुरलंय आणि काल ती खोकत होती."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. मग बाईंनी फक्त पत्ता विचारला.

त्याने कवळी टेबलावर टाकली, सायकल काढली आणि जिवाच्या आकांताने पायडल मारत सुटला. बाईंच्या आधी पोचायचं होतं. ही बातमी ताईच्या दारात परक्या तोंडाने जायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

भाऊजी गेटवरच होते. तो धापा टाकत उतरला आणि म्हणाला, "सांगून टाकलं मी. फाटकाजवळचं."

भाऊजींनी त्याची कॉलर धरली. या माणसाने कुणावर हात टाकलेला त्याने कधी पाहिला नव्हता. "आमचं खाऊन आमच्याच—"

"तिने हात लावलाय त्याला!" कवळीमामा ओरडला. "ताईने! कुत्र्याने नाही नेलं, तिने पुरलंय ते. नुसत्या हाताने. आणि ती खोकतेय, भाऊजी!"

कॉलर सुटली. भाऊजी सावकाश मागे वळले. ताई दारात उभी होती, खांद्याभोवती शाल, नाक लाल.

"तू हात लावलास?" भाऊजींनी विचारलं.

ताईने मान खाली घातली.

"अगं, मला सांगायचंस ना," भाऊजी म्हणाले, एवढ्या हळू की गेटपर्यंत जेमतेम पोचलं. "मी फावड्याने उचललं असतं." आणि ते ट्रे ठेवायच्या पायरीवर खाली बसले.

पुढचं सगळं भराभर झालं. आरोग्य खात्याचे दोघे जण आले, त्यांनी ताईच्या घशातून आणि नाकातून नमुने घेतले, गोळ्या दिल्या आणि तिला मागच्या खोलीत एकटीला ठेवलं. शेवग्याच्या पलीकडे खणून बदक बाहेर काढलं. तीन दिवसांत बाजारात गेलेली साडेचार हजार अंडी दुकानादुकानांतून परत मागवावी लागली. शेडमधल्या वीस कोंबड्यांचे नमुनेही घेतले, पण डॉक्टर बाईंनी स्पष्टच सांगितलं की त्यांचा निकाल काहीही आला तरी नियम एक किलोमीटरचा आहे.

"रविवारी बोलला असतात तरी कोंबड्या गेल्याच असत्या," त्या कवळीमामाला म्हणाल्या. "पण ते बदक माझ्या पिशवीत गेलं असतं, तुमच्या बहिणीच्या हातात नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "या हिवाळ्यात मोजणीला दुसरं कुणी येईल."

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

गुरुवारी सकाळी पांढऱ्या पोशाखातली सात माणसं आली. गॅसची नळकांडी उतरली, शेडच्या खिडक्यांना प्लास्टिक लागलं. भाऊजी शेडच्या दाराशी हात बांधून उभे होते. कोणी बाजूला व्हा म्हटलं की बाजूला व्हायचे आणि पुन्हा तिथेच येऊन उभे राहायचे. कवळीमामा अंगणाच्या कोपऱ्यात होता. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं, पण जा असंही म्हटलं नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीत काचेआड ताई उभी होती.

त्याचा फोन वाजला. काचेतून ती त्याच्याकडेच पाहत होती.

"त्यांना सांग, दिवे आधी मालवा," ती म्हणाली. मध्येच खोकली. "अंधार केला की त्या गप्प बसतात. दिवे चालू ठेवून माणसं आत शिरली तर एकमेकींच्या अंगावर चढतात नि कोपऱ्यात चेंगरून मरतात. आणि दाराजवळच्या रांगेत एक लंगडी आहे, तिला—" ती थांबली. "राहू दे. दिव्यांचं तेवढं सांग."

तो जाऊन डॉक्टर बाईंना सांगून आला. बाईंनी माणसांना थांबवलं, दिवे मालवायला लावले आणि दहा मिनिटं जाऊ दिली. आतला कलकलाट हळूहळू कमी झाला, कुजबुजीइतका राहिला, मग तीही थांबली. त्यानंतर गॅस सोडला. बाहेर काहीच ऐकू आलं नाही. दुपारपर्यंत शेड रिकामी झाली होती.

ताईचा निकाल शनिवारी यायचा होता. ते दोन दिवस कवळीमामा आणि भाऊजी एकाच घरात राहिले, कारण ताईच्या दाराबाहेर ताट ठेवायला आणि तिचा ताप लिहून ठेवायला माणूस लागत होतं. दर चार तासांनी ती आतून आकडा सांगायची आणि तो वहीच्या मागच्या पानावर लिहायचा. शंभरावर गेला की तो तिला पुन्हा मोजायला लावायचा. एकदा तिने मुद्दाम एकशे सहा सांगितला आणि आतून हसली. त्याला हसू आलं नाही. भाऊजी त्याच्याशी बोलत नव्हते. शेडमध्ये जाऊन ते रिकाम्या पिंजऱ्यांच्या रांगांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे आणि परत यायचे.

शनिवारी दुपारी फोन आला. फ्लू नव्हता, साधी सर्दीच होती. कवळीमामाने ते मोठ्याने सांगितलं आणि आतून ताई म्हणाली, "मग उघडा की दार, मेली कोंदट झालीय खोली!" भाऊजी उठले, पण दाराकडे गेले नाहीत. खाद्याच्या कोठीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्याच संध्याकाळी कोंबड्यांचाही निकाल आला. वीसच्या वीस निरोगी होत्या.

कवळीमामाने सायकल काढली तेव्हा ताई गेटपर्यंत आली. "तुझ्यावर राग नाही माझा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आहे थोडा. स्वतःवरही आहे. जाईल हळूहळू." तिने त्याच्या बाहीवरचा धागा काढला. "जेवायला येत जा. रविवारी आता काम तरी काय तुला?"

तो जात राहिला. भाऊजी समोर बसून जेवायचे आणि त्याच्याशी बोलायचं असलं की ताईकडे पाहून बोलायचे. "त्याला विचार, भात हवा का." "त्याला सांग, सायकलची हवा गेलीय." कवळीमामाही ताईकडे पाहून उत्तर द्यायचा आणि ताई दोघांकडे पाहून कपाळाला हात लावायची. कुरणातलं पाणी ओसरलं, गवत वर आलं, बदकं निघून गेली. शेड तीनदा चुन्याने धुऊन झाली. कार्यालयाचा माणूस येऊन परवानगीचा कागद देऊन गेला.

नवी पिल्लं आली ती एका रविवारी. टेम्पोतून सहाशे पिल्लांची खोकी उतरवायची होती आणि टेम्पोवाल्याची कंबर धरलेली होती. ताई आत दिवे लावत होती. भाऊजी टेम्पोच्या मागच्या फळीशी उभे राहिले. एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला कवळीमामा. भाऊजींनी इकडे तिकडे पाहिलं, पण निरोप पोचवायला ताई जवळ नव्हती. दोघांनी न बोलता पहिलं खोकं उचललं. खोक्यातून चिवचिवाट होत होता आणि भोकांमधून पिवळी पिसं दिसत होती. कवळीमामाचं लक्ष त्यातच गेलं. दाराच्या उंबऱ्याला त्याचा पाय अडखळला आणि खोकं त्याच्या बाजूने कललं.

"अरे, धर ना नीट!" भाऊजी ओरडले. "सगळी एका अंगाला जातायत!"

तीन महिन्यांत ते त्याच्याशी थेट बोलले ते एवढंच. त्याने छातीशी टेकवून खोकं सरळ केलं आणि दोघे तिरपे होऊन दारातून आत शिरले.